वाचकांचे प्रश्न : घाटात मऊ पडणारे ब्रेक, घसरणारा क्लच

प्रश्न : माझी दोन सीटर स्पोर्ट्स कार पंचवीस वर्षं जुनी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. आंबा घाट उतरून साखरप्याला येईपर्यंत ब्रेकचं पॅडल मऊ होतं, थोडं थांबलं की परत ठीक. मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसवू का? (रत्नागिरी)

उत्तर : कॅलिपरचा खर्च तूर्त थांबवा. पॅडल कडक राहून गाडी थांबत नसती, तर पॅड तापून पकड सोडताहेत असं म्हटलं असतं. तुमचं पॅडलच मऊ होतं आणि गार झाल्यावर सुधारतं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय आणि नळीत वाफ होतेय. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते.

जुनं ऑइल बदलायला सीलबंद १ लिटर डॉट ४ किंवा डॉट ५.१ घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला नसेल, तर मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) सर्वांत लांबच्या चाकापासून जुनं ऑइल आणि हवा काढायला सुरुवात करा आणि स्वच्छ ऑइल येईपर्यंत कोणतंही चाक सोडू नका. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. पॅडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून त्याखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा, कधी न वापरलेला भाग गंजलेला असतो. पॅडल तळापर्यंत दाबलं की आतले रबर त्यावर फाटतात, आणि चांगला चालणारा सिलिंडर त्याच दिवशी गळायला लागतो.

त्याच वेळी रबरी होज बदला, कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा (साध्या ग्रीसने रबर फुगतं), आणि खाऱ्या हवेने गंजलेले लोखंडी पाइप काढून तांबे-निकेलचे टाका. नवे पॅड बसवले की मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मग गार होऊ द्या. घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

एवढं करूनही कमी पडलं, तरच मोठे कॅलिपर. त्यांचे पिस्टन मोठे, म्हणून ऑइल जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पॅडल खोल जातं. शिवाय पुढचा ब्रेक जास्त धरतो आणि पुढची चाकं लवकर लॉक होतात. याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनवाल्या गाडीचा ब्रेकचा अख्खा सेट मिळाला, तर तोच उत्तम.

प्रश्न : कुंभार्ली घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो, वेग नाही. क्लच बदलताना फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) हलकं करावं का? (चिपळूण)

उत्तर : आधी क्लच केबलचं फ्री प्ले (पॅडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) बघा, ते उरलेलं नसेल, तर चांगली प्लेटही घसरते. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील एकदमच बदला. सील गळत राहिलं तर नवी प्लेटही तेलात भिजेल. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर पृष्ठभाग मापात स्किम करून (पातळ थर काढून सपाट) घ्या, पण ओतीव फ्लायव्हील लेथवर कातून हलकं करू नका. वेगात ते फुटू शकतं. शिवाय हलक्या फ्लायव्हीलने चढावर गाडी उचलताना इंजिन वारंवार बंद पडतं. मॅन्युअलमध्ये गिअर ऑइलची प्रत जीएल-४ लिहिली असेल तर तेच भरा, काही जीएल-५ ऑइल गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात.

प्रश्न : पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी राहते. मागची चाकं जाम होतात. (वेंगुर्ले)

उत्तर : हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रमच्या आतले ब्रेक शू ड्रमला गंजाने चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा.