हिंजवडीत सर्व्हिस कंपनीत चार वर्षं झाली. मोठ्या टेक कंपनीच्या इंटरव्ह्यूसाठी लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवरचे किती प्रश्न सोडवावेत, आणि आत गेल्यावर काम कसं असतं?

मी पुण्यातच एका मोठ्या अमेरिकन कंपनीत आहे आणि हल्ली इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूचं सांगतो.

लीटकोडचा आकडा धरून बसू नका. अ‍ॅरे, हॅशमॅप, ट्री, ग्राफ, थोडं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे कोडिंगचे नेहमीचे विषय हाताखालून गेलेले हवेतच, त्यातून सुटका नाही. पण माझ्यासमोर येणारे बरेच जण तिथे अडत नाहीत, बोलण्यात अडतात.

४५ मिनिटांचा राउंड संपला की मला लिहून द्यावं लागतं: प्रश्न काय दिला, उमेदवाराने काय विचारलं, कोड कसा लिहिला, कुठे हिंट द्यावी लागली. निवड मी एकटा करत नाही. गूगलमध्ये हायरिंग कमिटी असते, ती तुम्हाला न भेटता हे लिहिलेलं वाचून मत बनवते. अ‍ॅमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ नावाचा खास इंटरव्ह्यू घेणारा असतो. तो त्या टीमचा नसतो, तरी नकार देऊ शकतो. म्हणजे तुमच्या डोक्यात चाललेलं माझ्या नोट्समध्ये उतरलं नाही, तर त्याचा उपयोग शून्य. गप्प बसून अचूक कोड लिहिणाऱ्याबद्दल मी ‘कोड बरोबर’ यापुढे काय लिहिणार? उलट ‘सॉर्ट केलं तर एन लॉग एन इतका वेळ लागेल, हॅशमॅप घेतला तर मेमरी जास्त जाईल पण एका फेरीत काम होईल, इनपुट केवढा आहे?’ असं विचारणाऱ्याबद्दल अर्धं पान सहज भरतं, मग शेवटी एखादा बग राहिला तरी.

सर्व्हिस कंपनीतून येणाऱ्यांची खरी पंचाईत बिहेवियरल राउंडला, म्हणजे आधीच्या कामातले प्रसंग विचारतात तिथे होते. बँकेच्या प्रोजेक्टवर रात्री-अपरात्री प्रॉडक्शन (प्रत्यक्ष चालू असलेली सिस्टिम) सांभाळलेलं असतं, पण विचारलं की टीमने केलं, लीडने ठरवलं, क्लायंटने सांगितलं. स्वतःची टिमकी वाजवू नये हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं, पण इथे त्याचे मार्क कापले जातात. अ‍ॅमेझॉनची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स त्यांच्या साइटवर आहेत. ती वाचा, पण प्रत्येकासाठी गोष्ट रचून पाठ करू नका. दुसऱ्या उपप्रश्नाला पितळ उघडं पडतं. चार-पाच खरे प्रसंग पुरतात. बॅच जॉब कुठे अडकला, लॉगमध्ये काय दिसलं, तुम्ही कोणता उपाय टाळलात आणि का, नंतर वेळ किती वाचला. क्लायंटचं नाव घेऊ नका, आणि हे आकडे आत्ताच आठवून ठेवा, कारण नोकरी सोडल्यावर डॅशबोर्ड दिसत नाही.

तुमच्या अनुभवाला सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे मोठी सिस्टिम कशी उभी कराल हे विचारणारा, एखादा राउंड बहुधा असेल. मॅनहोलचं झाकण गोल का, असली कोडी मात्र सोडून द्या. ती वेळेचा अपव्यय आहेत हे गूगलचे तेव्हाचे एचआर प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं.

आता कामाचं. सुरुवातीचे महिने दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातात, आणि चार ओळींचा बदलसुद्धा सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूतून परत येतो. मला हे आवडतं, सगळ्यांना नाही आवडत. टीम कॅलिफोर्नियात असेल तर उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक, म्हणजे त्यांची सकाळची मीटिंग तुमच्या जेवणानंतर. म्हणून ऑन-कॉल (बिघाड झाला की कधीही धावून जाण्याची पाळी) किती आठवड्यांनी येतो आणि निर्णय घेणारं कोणी पुण्यात बसतं का, हे मॅनेजरला आधीच विचारा. ऑफिस कुठे आहे तेही. वाकडला राहून रोज खराडी करण्यापेक्षा ग्राफचे प्रश्न सोपे.

पॅकेजचा मोठा आकडा पाहताना शेअर वेगळे काढा. ते सहसा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात आणि हातात येताना पगारासारखाच टॅक्स लागतो. अ‍ॅमेझॉनची जुनी पद्धत पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि मग ४०-४० अशी.

तुमचा नोटिस पिरियड ९० दिवसांचा असेल तर रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा. लेखी ऑफर येईपर्यंत राजीनामा टाकू नका, आणि बायआउटचे, म्हणजे नोटिस पिरियड पुरा न करता सुटण्याचे पैसे कोण भरणार हे सही करण्याआधी मेलवर लिहून घ्या. सही झाली की एचआरचे रिप्लाय सावकाश येऊ लागतात.