स्पंदक म्हणावं की स्पंदतारा?

एका पत्रात प्रश्न असा आला आहे: 'पल्सार'ला, म्हणजे ज्याच्याकडून ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके येतात त्या ताऱ्याला, मराठीत 'स्पंदक' म्हणावं की 'स्पंदतारा'? आणि तो तारा मुळात धडधडतच नसेल, तर दोन्ही शब्द चुकीचेच नाहीत का?

शंका रास्त आहे, पण चूक आधी इंग्रजीची. 1967 साली केंब्रिजला जोसलिन बेल यांना 81.5 मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीत दर 1.337 सेकंदांनी पडणारा ठोका सापडला. तारा आकुंचन-प्रसरण पावत असेल, असा एक तर्क तेव्हा होता, आणि 1968 मध्ये 'पल्सार' हे नाव पडलं. मग उलगडा झाला, की हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, नुसता गरगर फिरतो. दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून फिरून जातो, म्हणून ठोका. क्रॅब पल्सार तर सेकंदाला 30 फेऱ्या मारतो.

म्हणून 'स्पंदतारा' नको. खरोखर फुगणारे-आकसणारे सेफीड तारे वेगळेच आहेत, त्यांच्याशी घोटाळा होईल. 'स्पंदक' मात्र मी निःशंकपणे वापरतो. 'जनक' जन्मत नाही, जन्म देतो. तसा 'स्पंदक' स्वतः धडधडत नाही, स्पंद निर्माण करतो. संस्कृतात 'धडधडणारा' आणि 'स्पंद निर्माण करणारा' या दोन्ही अर्थांचं रूप एकच होतं, त्यामुळे व्याकरणाचीही तक्रार नाही. इंग्रजीला न मिळालेली पळवाट आपल्याला फुकट मिळाली आहे!

त्याच पत्रात 'डिस्पर्शन'बद्दलही विचारलंय. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या आहेत, एकूण 30. असल्या कमी वारंवारतेच्या दुर्बिणींना हा प्रकार फार छळतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे खालच्या वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. एकच ठोका वरच्या वारंवारतेवर आधी पोचतो, खालच्यावर नंतर. पडद्यावर तो वाकडी रेघ होऊन उतरतो. हा उशीर हिशेबाने काढून टाकला नाही, तर ठोका पसरून गोंगाटात विरून जातो. याला 'अपस्करण' हा शब्द आहे, पण बोलताना 'लहरी फाकतात' म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

'फास्ट रेडिओ बर्स्ट'ला, म्हणजे अवकाशातून क्षणभरच येणाऱ्या रेडिओ लहरींच्या झोताला, सर्रास 'स्फोट' म्हणतात, ते मला खटकतं. 2007 साली पहिला जाहीर झाला, जेमतेम काही मिलिसेकंदांचा. पण स्फोटात वस्तू संपते, आणि यांतले काही स्रोत पुन्हा पुन्हा उजळतात हे 2016 मध्ये सिद्ध झालं. जीएमआरटीनेही असे टिपले आहेत. मी 'रेडिओ चमक' म्हणेन. डोळ्यांना न दिसणारी कसली चमक, असं कुणी विचारेल. कमरेत भरते ती तरी कुठे दिसते?