ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एकाच प्रोजेक्टच्या सहा वेबसाइट दिसतात, खरी कोणती?

तुम्ही लिहिलंय की सहाही साइटवर फोटो तेच, भाव मात्र वेगवेगळे. मला विचाराल तर त्यातली एकही बिल्डरची नसेल. चॅनेल पार्टनर, म्हणजे एजंटच, प्रोजेक्टच्या नावाने अशी एकपानी साइट टाकतात. तिचं काम एकच, तुमचा मोबाइल नंबर काढून घेणं. शोधल्यावर ‘प्रायोजित’ लिहिलेल्या दिसतात, त्या तर पैसे मोजून यादीत वर आलेल्या असतात.

मी त्याच रोडवर कासारवडवलीला फ्लॅट बघत होतो तेव्हा ब्रोशरसाठी नंबर दिला आणि संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. एकाने तर भिवंडीतला गाळा गळ्यात मारायचा प्रयत्न केला! साइट इतकी देखणी होती की शंकाच आली नाही. पत्त्याशेजारी कुलूपही होतं. पण ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि साइटच्या मधे कोणी डोकावत नाही. समोरचा भामटा असला तरी ते असतंच. ‘ही अधिकृत वेबसाइट नाही’ हे वाक्य पार तळाला, मुंगीच्या अक्षरांत होतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासातले पीएचडीधारक, विद्यार्थी आणि माहितीचा खरेखोटेपणा तपासणारे व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांच्यापुढे अनोळखी साइट ठेवल्या. शिकलेसवरलेले इतिहासकारही लोगो आणि नावाला भुलले. फॅक्ट-चेकर मात्र पान वाचत बसले नाहीत, लगेच दुसरी टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते शोधायला लागले.

आपल्यासाठी ती दुसरी टॅब म्हणजे महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची साइट. तिथेही पत्ता नीट बघा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या (/) आधीचं शेपूट ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हवं. पत्त्याच्या सुरुवातीला ‘महारेरा’ हे नाव काय, कोणीही लावेल. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे, पण तो स्कॅन केल्यावर उघडणारा पत्ताही असाच तपासा. प्रोजेक्टचे जुने महारेरा नोंदणी क्रमांक ठाणे जिल्ह्यासाठी पी५१७ ने सुरू होतात, तर खारघर-पनवेलचे पी५२० ने, कारण तो भाग रायगडात येतो. घोडबंदरच्या जाहिरातीत पी५२० दिसला तर क्रमांक कुठून तरी उचललाय असं समजा. ए ने सुरू होणारा क्रमांक प्रोजेक्टचा नव्हे, एजंटचा असतो. बरेच जण तोच ठळक छापतात.

महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा क्रमांक टाकलात की मंजुऱ्या, किती फ्लॅट विकले गेले, जागेवर कर्ज किंवा दावा आहे का, हे सगळं दिसतं. मी मात्र आधी पझेशनची तारीख बघतो. माझ्या त्या देखण्या साइटवर ‘पझेशन या दिवाळीत’ होतं. महारेरावर सुधारित तारीख होती दीड वर्ष पुढची.