भर उन्हाळ्यातला नाताळ आणि पहाटे साडेतीनचा फोन

नोव्हेंबर संपत आला की सिडनीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारे बदलले तरी त्याचे शब्द फारसे बदलत नाहीत. ‘इतक्या हौसेने इथवर आलो, समुद्र आहे, ऊन आहे, सोबतीला माणसे आहेत, मग सणाच्या तोंडावर रडू का येते? मी घरी परत जावे का?’ हे विचारणारे बहुतेक जण विशीतले किंवा तिशीच्या उंबरठ्यावरचे असतात. ते ‘वर्किंग हॉलिडे’ या, फिरता फिरता काम करू देणाऱ्या व्हिसावर, पाठीवर एक पिशवी घेऊन, उत्तर गोलार्धातल्या थंडीतून इथल्या उन्हाळ्यात आलेले असतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एका तरुणीच्या अनुभवातून द्यावे असे वाटते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पश्चिम आयर्लंडमधली, सत्तावीस वर्षांची. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी शहरांपासून दूर करावे लागणारे 88 दिवसांचे काम तिने फळबागांमध्ये पुरे केले होते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ती कूजीच्या समुद्रकिनाऱ्याजवळ एका हॉस्टेलमध्ये, आठ जणांच्या खोलीत राहायला आली होती. बागेतल्या कष्टाच्या दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. एका दुकानात कापसाचे बर्फ लावलेले झाड पाहिले, बाहेर अंग भाजणारे ऊन होते, आणि तिला तिथेच हुंदका आवरेना. मला हे सांगताना तिला दुःखापेक्षा लाज अधिक वाटत होती. ज्या प्रवासासाठी दोन वर्षे पैसे साठवले, ज्याचा मैत्रिणींना हेवा वाटतो, त्यात आपण असे का वागतो, आपण कृतघ्न आहोत का, असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. रोज किनाऱ्यावरचे हसरे फोटो ती आईला पाठवत असे आणि ‘तू मजेत आहेस हे पाहून जीव शांत होतो’ असे आईचे उत्तर आले की खरे सांगण्याची वाट आणखी बंद होई.

कृतघ्नतेचा प्रश्न मी आधी बाजूला काढला. घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकाने फार पूर्वी नोंदवले आहे. योहानेस होफर या स्विस विद्यार्थ्याने 1688 मध्ये आपल्या प्रबंधात या व्यथेसाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. त्याची कारणमीमांसा आज कोणी मानत नाही, परंतु परमुलखात गेलेल्या धडधाकट माणसांची ही अवस्था चारित्र्यातली खोट नाही, हे त्याला उमगले होते. सण आपण दिनदर्शिकेवर पाहतो, पण तो ओळखते ते शरीर. तिच्या शरीराला नाताळ म्हणजे दुपारी सव्वाचारच्या सुमारास होणारा काळोख, खिडकीच्या काचेवर साचलेली वाफ, ओल्या कोटांचा वास आणि एका खोलीत दाटीने बसलेली माणसे. सिडनीत त्या दिवसांत सूर्य रात्री आठनंतर मावळतो आणि दुपारच्या अतिनील किरणांचा निर्देशांक अनेकदा 11 च्या पुढे, म्हणजे अत्यंत तीव्र पातळीवर जातो. खुणा एकही जुळत नाहीत आणि तारीख मात्र जवळ येत राहते. इथल्या लोकांचा नाताळ यामुळे अपुरा ठरत नाही, हेही मी तिला आवर्जून सांगितले. ज्यांचे बालपण या उन्हात गेले, त्यांच्यासाठी अंगणातले जेवण आणि समुद्रात डुंबणे हाच पूर्ण सण आहे. मात्र 25 तारखेला ते आपापल्या घरी असतात, बहुतेक दुकाने बंद असतात, आणि पाठीवर पिशवी घेऊन आलेल्यांना किनाऱ्याखेरीज जायला जागा उरत नाही.

यानंतर मी जे केले ते चुकले. मी तिला दिवस भरून काढायला सांगितले. तिने निमूटपणे ऐकले आणि नाताळापूर्वी सिडनीच्या डोमेन उद्यानात होणाऱ्या सामूहिक नाताळगीतांच्या मोठ्या कार्यक्रमाला ती गेली. तो 1983 पासून होत आला आहे आणि त्याला हजारो लोक येतात. पुढच्या भेटीत ती म्हणाली की सगळे शब्द पाठ होते, आजूबाजूची कुटुंबे आपुलकीने वागली, आणि इतके एकटे तिला यापूर्वी कधीच वाटले नव्हते. मी तिच्या दुःखावर पांघरूण घालू पाहत होतो, त्याचे म्हणणे मी ऐकलेच नव्हते. म्हणून त्या दिवशी मी एवढेच विचारले की घरच्या नाताळातला कोणता एक क्षण गमावणे तिला सर्वांत जड जाते आहे. जेवण, भेटवस्तू, प्रार्थना असे काहीतरी ती सांगेल असे मला वाटले होते. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘मेणबत्ती.’ आयर्लंडमध्ये 24 तारखेला अंधार पडताना खिडकीत मेणबत्ती लावण्याची जुनी रीत आहे. वाटेवरच्या प्रवाशाला इथे आसरा आहे हे कळावे, हा तिचा अर्थ. ती लावण्याचे काम लहानपणापासून तिचे होते.

आम्ही कागद घेऊन वेळेचा हिशेब मांडला. त्या दिवसांत सिडनीचे घड्याळ आयर्लंडच्या 11 तास पुढे असते. तिथे दुपारी साडेचारला मेणबत्ती लागेल, तेव्हा इथे 25 तारखेची पहाट, साडेतीन वाजलेले असतील. घरचे जेवायला बसतील ते दुपारी दोनला, म्हणजे इथे 26 तारीख लागून एक तास झालेला असेल. हा हिशेब फार थोडे प्रवासी आधी करतात. सकाळी उठून ते घरच्या आवाजाची वाट पाहतात, तिकडे अजून आदली रात्र असते, आणि मधले रिकामे तास मद्याने भरले जातात. ऊन, मद्य आणि समुद्र यांची गाठ पडू देऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. कूजीच्या किनाऱ्यावर 2016 च्या नाताळात प्रचंड गर्दी उसळली, टनांनी कचरा मागे राहिला आणि पुढे तिथे मद्यपानावर बंदी आली. कचरा तरी उचलता येतो. खोल पाण्याकडे खेचणारा प्रवाह नव्या माणसाला दिसतही नाही, म्हणून जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहावे, आणि प्यायल्यावर पाण्यात उतरूच नये.

मग दिवसाची आखणी झाली, आणि ती मुद्दामच लहान ठेवली. पहाटे साडेतीनला आईला फोन. दुपारी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खोलीतल्या सर्वांसाठी बटाटे भाजण्याची जबाबदारी तिची, कारण इतरांना ज्याची वाट पाहावी लागते असे एखादे काम हातात असले की दिवसाला कणा मिळतो. दुकाने बंद असणार म्हणून सामान 24 तारखेलाच आणायचे. 26 तारखेला दुपारी एक वाजता सिडनी बंदराच्या तोंडाशी असलेल्या साउथ हेडच्या टोकावरून टास्मानियातल्या होबार्टपर्यंतच्या शर्यतीला निघालेली शिडाची जहाजे पाहायची. हे सर्व सोपे होते. कठीण होते ते आईला खरे सांगणे, आणि ते फोनच्या आधी लिहून पाठवायचे असे तिने स्वतःच ठरवले.

परतीच्या तिकिटाबद्दल माझे मत असे की 20 डिसेंबर ते 2 जानेवारी या काळात ते काढू नये आणि त्यानंतरही मन तेच म्हणत असेल तर निःशंकपणे काढावे, कारण घरी परतणे हा पराभव नव्हे. मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असेल, उदासी सणाच्या आधीपासूनच असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर ही घराची ओढ समजून थांबू नये. लाइफलाइन या मानसिक आधार देणाऱ्या दूरध्वनी सेवेचा 13 11 14 हा क्रमांक ऑस्ट्रेलियात दिवसरात्र, नाताळच्या दिवशीही, उचलला जातो. ही सेवा 1963 मध्ये याच शहरात सुरू झाली. जिवाला तातडीचा धोका असेल तर 000 हा आपत्कालीन क्रमांक लावावा.

जानेवारीत ती भेटली तेव्हा तिने त्या पहाटेविषयी सांगितले. खोलीतले सगळे झोपले होते, ती अनवाणी मागच्या अंगणात आली, हवा उबदार आणि दमट होती. आईने फोन खिडकीत टेकवून ठेवला होता आणि तिने पाठवलेले पत्र वाचलेले होते. काडी ओढल्यावर दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आईने सांगितले की झाडाची सजावट खोक्यातून बाहेर काढताना मुलीच्या हातचे जुने कागदी तारे सापडले, तेव्हापासून तीही रोज रडत होती आणि मुलीची मजा बिघडू नये म्हणून लपवत होती. त्यानंतर दोघी तासभर बोलल्या. फोन ठेवला तेव्हा सिडनीत अजून उजाडले नव्हते. ती खोलीत परतली नाही. प्रकाश येईपर्यंत कूजीच्या पायऱ्यांवर बसून राहिली आणि मग बटाटे सोलायला गेली.