बाळंतपणात आई दगावली. त्या धक्क्यातून नर्सला सामुदायिक प्रार्थनेनं सावरता येतं का?

हो, पुष्कळ जणींना येतं. पण प्रार्थना म्हणजे उपचार नव्हे. टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली आघातानंतरची वाढ, म्हणजे धक्क्यातून सावरताना माणसात होणारे चांगले बदल, मोजायला २१ विधानांची प्रश्नावली केली. तिच्या पाच अंगांत आध्यात्मिक बदल हे एक आहे. आमच्या अमरावतीकडच्या खेड्यांत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना चालते. ड्युटी करून आलेली सिस्टर तिथे सतरंजीवर चार बायांच्या रांगेत डोळे मिटून बसते, कुणी तिला काही विचारत नाही. मला वाटतं, निम्मा आधार तोच. मात्र ‘देवाची मर्जी’ म्हणून तिचं रडू दाबू नका. झोप उडाली, लेबर रूममध्ये पाय टाकताच धडधडायला लागलं आणि महिना उलटूनही थांबेना, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.