चाक रंगवल्यावर ब्रेक थरथरतोय? डिस्क विकत घेण्याआधी तिची बैठक बघा

बाइकची दोन्ही अलॉय चाकं घरीच काळी केली, पंधरा दिवस गाडी छान चालली, आणि आता हळू वेगात पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर बोटांना टकटक मारतो. वर्कशॉपवाले म्हणतात डिस्क वाकली, बदला. तुमच्या प्रश्नाचा हा सारांश, आणि चार वर्षांपूर्वी माझी तक्रारही शब्दाशब्दाला हीच होती. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. डिस्क इतक्यात घेऊ नका.

रिमच्या कडेला खेळायचे पत्ते खोचून टायर झाकला, वॉल्व्ह झाकला, बेअरिंगवर टेप लावली, हे सगळं तुम्ही लिहिलंय. डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, जिथे टेकते त्या सपाट जागेचा, म्हणजे बैठकीचा, मात्र कुठे उल्लेख नाही. ती झाकली होती का? मी नव्हती झाकली. डिस्क काढलेलीच होती, हब उघडा होता, मनात म्हटलं वरून डिस्क बसणार आहे, खालचा रंग कुणाला दिसतोय. उलट तिथे गंज धरणार नाही म्हणून एक हात जास्तच मारला! प्रायमरचे दोन, रंगाचे तीन आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर.

आता हिशोब बघा. इतके हात मिळून मिलिमीटरचा दहावा भाग सहज भरतो, आणि तो सगळीकडे सारखा कधीच नसतो. एका बाजूला ओघळ, दुसरीकडे नुसता फवारा. समजा बैठकीचा व्यास ११० मि.मी. आहे आणि तिच्या दोन टोकांत ०.१ मि.मी.चा फरक पडला. डिस्क ३०० मि.मी.ची असेल तर तिच्या काठावर तोच फरक ०.२७ होतो. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिस्क आऊट असण्याची, म्हणजे फिरताना आत-बाहेर डोलण्याची, मर्यादा ०.३ च्या आसपास असते. म्हणजे नवी कोरी, सरळ डिस्कसुद्धा तुम्ही स्वतःच्या हाताने वाकडी बसवता.

मग पंधरा दिवस नीट कशी चालली? माझा अंदाज असा की बोल्ट आवळले तेव्हा रंग वरून वाळलेला, पण आतून कच्चा होता. ब्रेक मारून मारून हब तापला, बोल्टखालचा रंग दबत गेला, कुठे जास्त तर कुठे कमी. मी इंजिनियर नाही, पण उघडल्यावर जे दिसलं त्याला दुसरा अर्थ लागत नाही. पाचपैकी तीन बोल्टांभोवती रंग चेपून काचेसारखा चकचकीत झालेला, दोन ठिकाणी जसाच्या तसा जाड, आणि डिस्कच्या आतल्या कडेला बाहेर ढकललेल्या रंगाची बारीक वरंबी. नखाने खरवडली तर सालीसारखी निघाली. त्यातले दोन बोल्ट तर पान्याला फार जोर न लावताच फिरले. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. थरथर परवडली, पण डिस्कचे बोल्ट सैल म्हणजे गंमत नाही. म्हणून तुम्हालाही सांगतो, हे तपासून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

हे मला कळायला किती वेळ लागला तेही ऐका. वर्कशॉपने आधी डिस्क बदलली. आठवडाभर बरं वाटलं, कारण जुने पॅड आणि नवी डिस्क अजून एकमेकांशी बसायचे होते. पुन्हा थरथर. मग पॅड बदलले. मग म्हणाले कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलाय, तोही बदलला. मी तीनदा सांगितलं की चाक रंगवल्यापासूनच हे सुरू झालंय. काउंटरवरच्या माणसाने शेवटी हसून उत्तर दिलं, "साहेब, रंगाने कधी ब्रेक बिघडतो का?" तीनही वेळा डिस्क किंवा चाक त्यांच्याच हातात होतं. डिस्क काढून नवी त्याच रंगावर बसवताना खाली बघायला दोन सेकंद लागले असते. बिलावर मात्र "तपासणी" अशी वेगळी ओळ होती. जाऊ दे. नाव लिहिणार नाही, आणि सगळे तसे नसतातही. पण तुमच्या वर्कशॉपने डिस्क वाकली हे मोजून सांगितलं की नुसती बोटाने फिरवून, एवढं जरूर विचारा.

मोजायला डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) असेल तर उत्तम. लेथवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे नक्की मिळेल, मीही तसंच आणलं. नसेल तर एक केबल टाय फोर्कच्या खालच्या नळीला घट्ट बांधा. तिचं टोक डिस्कला जेमतेम टेकेल असं कापा आणि चाक उचलून हळूहळू फिरवा. टोक आणि डिस्क यांतली फट कुठे वाढते, कुठे घासते, ते डोळ्यांना दिसतं. आकडा कळत नाही, पण आऊट आहे की नाही हे कळतं. सगळ्यात जास्त बाहेर येणारी जागा मार्करने डिस्कवरही खूण करा आणि तिच्याच रेषेत चाकावरही.

यापुढची पायरी मला त्या वेळी कुणी सांगितली असती तर एक डिस्क, एक पॅडचा जोड आणि एक कोनसेट वाचला असता. डिस्क काढा, एक बोल्टभोक पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. आऊट जागा डिस्कवरच्या खुणेबरोबर सरकली तर डिस्क वाकलीय, वर्कशॉप बरोबर. चाकावरच्या खुणेपाशीच राहिली तर दोष बैठकीचा. पहिल्या वेळी काढली तेव्हाच खाली रंग दिसला, तर अर्थातच आधी तो काढा, हा प्रयोग नंतर. माझ्या चाकावर नवी डिस्क असूनही ०.३५ येत होतं. बैठक साफ करून तीच डिस्क परत बसवली तर ०.०८.

साफ करताना घाई नको. कापडाला थिनर लावून रंग मऊ होऊ द्या, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टी किंवा चाकाचं ग्राइंडर तिथे अजिबात लावू नका. ॲल्युमिनियम मऊ असतं, बैठकीवर एक खड्डा पडला तर रंगापेक्षा वाईट. बोल्टाच्या भोकांतला रंगही काढा. बोल्ट नवे घ्या, किंवा निदान जुन्यांचे आटे साफ करून निळा लॉकिंग गोंद लावा, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच) आवळा, समोरासमोरच्या क्रमाने. टॉर्क पाना नसेल तर हे काम ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या. इथे अंदाजपंचे चालणार नाही.

हाच नियम स्पेसर (ॲक्सलवरची अंतर राखणारी नळी) जिथे टेकतो तिथे, बेअरिंगच्या जागेत आणि एबीएसची दातेरी रिंग बसते तिथे. धातूला धातू टेकतो तिथे रंग नाही. टायरची कड बसते त्या आतल्या पट्टीवरही जाड थर नको, नाहीतर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जात राहते आणि तुम्ही वॉल्व्ह बदलत बसता.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या फोटोत रिमच्या कडेला जे बारीक गोल खड्डे दिसतायत त्याबद्दल. रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले की ते सिलिकॉन असतं. टायर पॉलिश किंवा चेन ल्यूबचा फवारा. बरेच जण चाक आधी घासतात आणि मग धुतात, त्यामुळे सिलिकॉन घासायच्या पेपरने पडलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतं. आधी साबणाने धुवा, मग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसा, एका फडक्याने ओलं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने. त्यानंतर पेपर. आणि टायर ठेवून पत्ते खोचायची युक्ती ओरखडा झाकण्यापुरती ठीक, पूर्ण चाकासाठी टायर काढाच. पत्त्याच्या कडेला रंगाची जी धार तयार होते तिथूनच पोपडे सुटतात. माझं मत आहे, वाद घालायचा असेल तर घाला.

जुना रंग घट्ट असेल तर उगाच धातूपर्यंत जाऊ नका, ४०० च्या वॉटर पेपरने चमक मारली की पुरे. जिथे उघडं ॲल्युमिनियम दिसेल तिथे मात्र एच (etch) प्रायमर, म्हणजे उघड्या धातूला धरून बसणारा, साधा नाही. कॉस्टिक सोड्याने रंग काढा असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. सोडा ॲल्युमिनियमच खातो, वर हायड्रोजन सुटतो. आणि चाकाला चीर किंवा ठोका असेल तर लांबी (पुट्टी) भरून रंगवू नका, ते चाक रंगवायचंच नाही.

क्लिअरबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतील. साधं, एका डब्यातलं क्लिअर पेट्रोल आणि ब्रेक ऑइलपुढे टिकत नाही. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइलचा एक थेंब पडला आणि लगेच पाण्याने धुतला नाही तर रंग उठलाच. हार्डनरवालं क्लिअर टिकतं, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. धुळीचा मास्क लावून बंद खोलीत ते मारणारे बघितले की मला राग येतो. दम्याचा त्रास असेल तर हातच लावू नका. बाकीच्यांनीही डब्यावर जे श्वसनाचं संरक्षण लिहिलंय तेच वापरा. ते जमत नसेल तर साधं क्लिअर मारा आणि वर्षा-दोन वर्षांनी परत रंगवा, मी आता तसंच करतो.

एक सोपी युक्ती जाता जाता: हबमधून सळई घालून चाक दोन स्टुलांच्या मध्ये टांगा. एका हाताने हळू फिरवत दुसऱ्या हाताने फवारा, आऱ्यांच्या आतल्या बाजू आधी, दर्शनी बाजू शेवटी. ओघळ जवळजवळ येत नाहीत. आणि रंग नखाला लागत नाही म्हणजे पिकला असं समजू नका. टायर चढवण्याआधी निदान आठवडाभर द्या, नाहीतर टायर लिव्हरखाली सगळं सोलून निघेल. टायर काढलाच आहे तर बॅलन्सिंग परत करून घ्या.

स्पोकच्या चाकांचं यातलं बरंच काही वेगळं आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही.

डिस्क काढलीत की बैठकीचा जवळून एक फोटो टाका, आणि बोल्ट कितपत घट्ट निघाले तेही लिहा. एकही सैल निघाला तर मागच्या चाकाचेही उघडून बघा, तेही तुम्ही त्याच दिवशी रंगवलंय.