एक धीट कोळी अख्खी वसाहत बदलतो का?

प्रश्न: आमच्या बांधावरच्या बोरीत कळकट राखाडी जाळ्याचा एक गोळा आहे, आत पन्नासेक कोळी तरी असतील आणि एकमेकांना खात नाहीत. एका व्हिडिओत ऐकलं की अशा वसाहतीत एक जरी धीट कोळी असला तरी बाकीचे पण धीट होतात. खरंय का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: वर्णनावरून तरी तो आपल्याकडचा सामाजिक कोळी वाटतोय, स्टेगोडिफस सारासिनोरम. ह्याच्यावर मद्रासकडच्या एन. एस. जंबुनाथन यांनी 1905 सालीच सविस्तर लिहून ठेवलंय. ह्यांच्यात बहुतेक माद्याच, लग्नं घरातल्या घरात, म्हणजे सगळे जवळपास एकाच रक्ताचे. पिल्लांना आई तोंडातून द्रव भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच खातात.

आता धीटपणाचं. तो मोजायची पद्धत साधी आहे, कोळ्यावर हवेचा झोत मारायचा, तो पाय आखडून गप्प बसतो, मग परत हलायला किती सेकंद लावतो ते बघायचं, जास्तीत जास्त 600 सेकंद. लवकर हलला तो धीट, उशिरा हलला तो बुजरा. ह्याच्याच आफ्रिकेतल्या भाऊबंदावर, स्टेगोडिफस डुमिकोलावर, असे खूप पेपर, म्हणजे शोधनिबंध, आले, आणि तुम्ही ऐकलेली गोष्ट मुख्यतः त्यातलीच आहे.

पण इथेच थांबा, कारण व्हिडिओवाले पुढचं सांगतच नाहीत. ह्यातले बरेच पेपर जोनाथन प्रुइट ह्या कोळी-संशोधकांच्या आकड्यांवर उभे होते. त्यांच्यासोबत पेपर लिहिलेल्या केट लास्कोव्स्की यांनी ते आकडे परत तपासले, तर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेली तीच ती वेळ वेगवेगळ्या कोळ्यांच्या नावावर पुन्हा पुन्हा, असं कसं होईल! जानेवारी 2020 मध्ये लास्कोव्स्की यांनी स्वतःचं नाव असलेले पेपर मागे घेतले आणि का घेतले ते उघडपणे लिहिलं, मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, स्वतःची कित्येक वर्षांची मेहनत अशी सोडून द्यायला फार हिंमत लागते हो. नंतर डझनभराहून जास्त पेपर मागे गेले, 2022 मध्ये प्रुइट यांनी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातली नोकरी सोडली, आणि विद्यापीठाच्या चौकशीत आकडे बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला.

म्हणून एका धीट कोळ्यामुळे बाकीचे धीट होतात ह्या गोष्टीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. म्हणजे सगळे कोळी सारखेच वागतात असं नाही म्हणत मी, जाळ्यात किडा अडकला की सगळे धावत नाहीत, काही जण पुढे होतात, बाकीचे मागे. पण तो स्वभाव, की भूक, की अंगाचा आकार, हे वेगळं काढणं अवघड असतं. आणि एकामुळे बाकीचे बदलतात हे दाखवायचं तर प्रत्येक कोळी ओळखता यायला हवा, त्यासाठी पाठीवर रंगाचे ठिपके देतात.

तो गोळा काढू नका मात्र. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, जाळं दुरुस्त करायला ते तेव्हाच बाहेर येतात.